दालचिनी खरी कुठली आणि केशर अस्सल कसं ओळखायचं?

गार्गी_म

कोजागिरी आठवड्यावर आली, म्हणून काल मसाल्याच्या दुकानात गेले होते. दालचिनी मागितली तर काकांनी दोन बरण्या पुढ्यात ठेवल्या. एकीतली जाड, खरबरीत, लालसर तपकिरी. दुसरीतली पातळ, फिकट, आत थरावर थर, हातात घेतली की मोडणारी. भाव जवळपास चौपट. का, असं विचारलं तर "ताई, ही सिलोनची" म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करायला लागले.

केशराचं त्याहून वरताण. एक ग्रॅमची एक डबी दोनशेला, शेजारची साडेचारशेला. दोन्हींवर 'काश्मिरी' आणि दोन्हींवर दल सरोवरातल्या शिकाऱ्याचं चित्र.

तर प्रश्न असे: दालचिनीचे हे दोन प्रकार की दोन वेगळी झाडं? केशर अस्सल की बनावट हे घरच्या घरी कळतं का? आणि यातलं आपल्याकडे काही पिकतं का? घरगुती वापरापुरतंच विचारतेय. व्हॉट्सॅपवरचे फॉरवर्ड इथे चिकटवू नयेत ही नम्र विनंती.

बंडूनाना

कोजागिरीच्या दुधात दालचिनी? हे कुठून आलं?

गार्गी_म

नाना, दालचिनी मसालेभाताला. दुधाला केशर.

बंडूनाना

कळलं होतं. पण खोडी काढल्याशिवाय धागा पळत नाही.

डंकेवाली

दोन वेगळी झाडं, गार्गी. भाऊबंद, पण वेगळी. पातळ ती श्रीलंकेची, जाड ती कॅशिया. कॅशिया चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते. आपल्या बाजारात नुसतं 'दालचिनी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हीच पुडीत पडते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दोघींची नोंद वेगळी आहे, कॅशियाला तिथे 'तज' म्हटलंय. पण सुट्ट्या मालाच्या बरणीवर कोण कशाला लिहील?

कॅशियाची काडी एकाच जाड सालीची असते, दोन्ही कडा आत वळलेल्या. मिक्सरमध्ये टाकली की भांडं खडखडतं. सिलोनच्या नळीत पातळ सालींचे बरेच थर एकात एक भरलेले असतात आणि ती बोटांनी चुरता येते. श्रीलंकेत नळी जितकी बारीक तितकी प्रत वरची. सर्वांत बारीक ती 'अल्बा', सहा मिलिमीटरच्या आतली. ती आपल्याकडे क्वचितच दिसते.

आता माझं मत. घरी मसाले कुटायचा धंदा आहे, मार्च ते मे दिवसभर डंक चालू असतात. गोड्या मसाल्याला आणि मटणाच्या वाटणाला कॅशियाच बरी. तिचा झणका तेलात परतल्यावरही टिकतो. सिलोनची नाजूक, गोडसर, धण्या-मिरचीच्या गर्दीत तिचा पत्ता लागत नाही. ती चौपट पैसे मोजून काळ्या मसाल्यात घालणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं.

सायली_जोग

पैठणीला +१. सासूबाईंना वाचून दाखवलं.

वाडीतला_अण्णा

डंकेवाली ताई, साफ असहमत. पत्ता लागत नाही कारण तुमच्यापर्यंत येते ती वर्षभर गोदामात पडलेली. ताजी घालून बघा, मग बोलू.

गार्गीताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दालचिनी आपल्याकडे पिकते, आमच्याच वाडीत आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये 'कोकण तेज' ही जात दिली. झाड सिलोनच्याच जातकुळीचं. नारळ-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून छान येतं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली 'लाखी बाग' बघून या, नारळाखाली जायफळ, मिरी, दालचिनी सगळं एका जागी दिसेल.

काढणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांना वाटतं की मोठ्या झाडाची साल तासून काढतात. तसं नाही. दालचिनीला झाड म्हणून वाढूच द्यायचं नाही. तीन-चार वर्षांनी खोड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं. बुंध्यातून धुमारे फुटतात, त्यातले सरळ तेवढे ठेवायचे. ते अंगठ्याएवढे जाड झाले आणि हिरवी साल तपकिरीकडे झुकली की तोडायचे. पाऊस नुकता सरलेला असतो, झाडात रस खेळत असतो, तेव्हाच साल सुटते. आधी चाकूचं टोक तिरकं घालून बघायचं. साल उचलली गेली तर कोयता घ्या, नाहीतर घरी जा. उन्हाळ्यात ती लाकडाला अशी चिकटते की नुसते तुकडे पडतात.

तोडलेल्या फांदीवरची खरबरीत पापुद्र्याची साल आधी खरवडून टाकायची. मग पितळेच्या दांड्याने सगळीकडून दाबून घासायचं, म्हणजे आतली साल ढिली होते. दोन टोकांना गोल काप, त्यांना जोडणारी उभी चीर, आणि चाकू सालीखालून सरकवत एकसंध पट्टी काढायची. हे सगळं तोडल्या दिवशीच. ओली पट्टी फिकट पिवळसर असते. सावलीत वाळताना ती आपोआप आत वळते आणि रंग धरते. बोटांचा वास मात्र दोन दिवस जात नाही, जेवताना वरणभातालाही दालचिनी लागते.

अडचण एकच. साल काढणारा हात मिळत नाही. आमच्या गावात हे नीट येणारे एक आजोबा आहेत, ते म्हणतील तो मुहूर्त. म्हणून बरेच बागायतदार साल सोडून पानंच विकतात.

निशिगंधा

पानं म्हणजे तेच तमालपत्र का?

वाडीतला_अण्णा

नाही. बाजारातलं तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याकडून येतं, ती याच कुळातली तिसरी बहीण. दोन्ही पानांवर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा दिसतात, म्हणून गल्लत होते. दालचिनीचं ताजं पान चुरगाळलं तर लवंगेसारखा वास येतो, कारण पानातल्या तेलात युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या वासाचंच द्रव्य, भरपूर असतं. सालीतलं तेल वेगळं. एकाच झाडाचे दोन वास.

डंकेवाली

अण्णा, पाठवा पाव किलो. कुटून बघते आणि इथेच कबुली देते. हरले तर मसाला माझ्याकडून.

स्टॉकहोमची_वहिनी

डंकेवाली आणि अण्णा दोघांनी चवीचं सांगितलं, मी तब्येतीचं सांगते. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं, सिलोनच्या दालचिनीत जवळपास नाही. जास्त प्रमाणात रोज पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेने मर्यादा घालून दिली आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. कॅशियाच्या दोन ग्रॅम पुडीत साधारण तेवढं भरतं.

मसालेभातातल्या दोन काड्यांनी काही होत नाही. पण 'शुगरवर रामबाण' म्हणून जे लोक रोज सकाळी चमचाभर पूड गरम पाण्यातून घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि घ्यायचीच असेल तर निदान सिलोनची घ्यावी.

इथे स्वीडनमध्ये दालचिनीच्या बनवर जीव. ४ ऑक्टोबरला चक्क त्याचा दिवस असतो. शेजारच्या डेन्मार्कमध्ये दहाएक वर्षांपूर्वी यावरून रणकंदन झालं होतं. युरोपीय नियमाप्रमाणे रोजच्या बेकरी मालात किलोमागे १५ मिलिग्रॅम कुमारिन चालतं, पारंपरिक आणि सणासुदीच्या मालात ५०. स्वीडनने आपले बन पारंपरिकमध्ये बसवले, डेन्मार्कने आपले रोजच्यात धरले आणि बेकरीवाले रस्त्यावर यायचे बाकी राहिले. शेवटी त्यांचेही पारंपरिक ठरले.

आणि केशर! डिसेंबरच्या १३ तारखेला ल्युसियाचा सण, त्याला केशराचे पिवळे बन. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं, तेही बऱ्याच दुकानांत गल्ल्यामागे ठेवलेलं, सिगारेटच्या शेजारी. चोरीला जातं म्हणे.

बंडूनाना

आमच्याकडे घरात चोरीला जातं. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेलं केशर सुनेने शोधलं.

इतिहास_किडा

दालचिनीवरून जितकं राजकारण झालं तितकं क्वचितच कुठल्या सालीवरून झालं असेल. ग्रीक हेरोडोटसने लिहून ठेवलंय की अरबस्तानात मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी उंच कड्यांवर बांधतात. लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनाने घरटं कोसळतं आणि मग काड्या वेचायच्या. पुढे रोमच्या प्लिनीने सरळ सांगितलं की या थापा भाव चढवण्यासाठी आहेत. माल कुठून येतो हे व्यापारी गिऱ्हाइकाला तेव्हाही सांगत नव्हते. गार्गीचे दुकानदार काका त्याच परंपरेतले.

पोर्तुगीज १५०५ मध्ये सिलोनला पोचले. तिथला त्यांचा कारभार गोव्याच्या विजरईच्या हाताखाली. १६५८ पर्यंत डचांनी त्यांना हुसकावलं. तोवर दालचिनी जंगलातूनच यायची. सलागम जातीच्या लोकांवर साल काढून देण्याची सक्ती होती, ठरल्याएवढी दिली नाही तर शिक्षा. रानातून पुरेना तेव्हा डचांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलंबोत बागा लावल्या. कोलंबोच्या आजच्या सर्वांत महागड्या वस्तीचं नाव 'सिनॅमन गार्डन्स' आहे ते त्यावरून. बंगले आहेत, दालचिनी नाही. दक्षिणेकडे गॉल-मातारा भागात मात्र आजही हातानेच सोलतात. २०२२ मध्ये युरोपीय संघाने 'सिलोन सिनॅमन'ला भौगोलिक मानांकन दिलं.

डंकेवाली

आमच्या धंद्यात आजही कोण कोणाला सांगतं? चला, केशरावर या आता.

भटक्या_विलास

केशराचं मी सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पांपोरला गेलो होतो. श्रीनगरहून जम्मूकडे निघालं की थोड्याच अंतरावर. तिथली जमीन म्हणजे करेवा, जुन्या सरोवराच्या गाळाची उंच पठारं. पाणी साचत नाही, आणि केशराला तेच लागतं. फुलोरा जेमतेम दोन-तीन आठवडे.

फूल जमिनीला टेकलेलं, जांभळं. वाकूनच खुडावं लागतं, दुसरा इलाज नाही. सकाळी ऊन चढायच्या आत वेताच्या टोपल्या भरतात, कारण उन्हात फूल मलूल झालं की आतला भाग काढणं किचकट होतं. मग घरातले सगळे ढिगाभोवती बसतात. जांभळ्या पाकळ्या एकीकडे, पिवळे पुंकेसर एकीकडे आणि तीन लाल काड्या तिसरीकडे. एका फुलात तीनच. मलाही बसवलं. माझं एक फूल उकलेपर्यंत शेजारच्या आजींच्या पुढ्यातली मूठभर फुलं संपलेली असायची, आणि वर माझ्या ढिगातून पिवळे तुकडे वेचून फेकायच्या.

किलोभर सुक्या केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात. म्हणजे गार्गी, तुमच्या एक ग्रॅमच्या डबीत दीडशे फुलं आहेत. असावीत, असं म्हणू. नुसता लाल भाग ठेवला तर मोंगरा, खालच्या पिवळसर देठासकट ठेवला तर लच्छा. मोंगरा महाग.

शेतकरी मात्र खूश नव्हते. नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये ५,७०० हेक्टरांच्या आसपास केशर होतं, पुढे ते ३,७०० पर्यंत उतरलं. फुलोऱ्याआधी पाऊस हवा, तो वेळेवर येत नाही. कंद कुजतात. वरून साळिंदर रात्री येऊन कंद उकरून खातात. २०१० पासून सरकारचं केशर अभियान चालू झालं, तुषार सिंचन आलं, २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्या शेतातल्या पाण्याच्या नळ्या कोरड्या होत्या.

तिथे कहवा प्यायलो त्यात केशर आणि दालचिनी दोन्ही. धाग्याला समर्पक, म्हणून नोंदवतो.

स्टार्टअप_सुजय

मस्त चर्चा. मी पुण्यात एका खोलीत केशर लावायचं म्हणतोय. माती नाही, ट्रेमध्ये कंद, एसी आणि ह्युमिडिफायर. व्हिडिओत एक जण दहा बाय दहाच्या खोलीतून वर्षाला लाखो काढतोय. दोन दिवसांचा कोर्सही आहे. कोणी केलंय का?

कृषीकन्या

सुजय, कोर्सची फी भरायच्या आधी पाटी-पेन्सिल घे.

समज शंभर किलो कंद आणलेस. फूल देणारा कंद दहा ग्रॅमचा धर, म्हणजे दहा हजार कंद. एका कंदाला एक ते दोन फुलं. झाली दहा ते वीस हजार फुलं. विलासने दिलेला हिशेब लाव: ग्रॅमला दीडशे फुलं. हातात येतं साधारण पासष्ट ते एकशे तीस ग्रॅम. ग्रॅमला चारशे रुपये धरले तरी सव्वीस ते बावन्न हजार. त्यातून कंदांची किंमत, खोली थंड ठेवायचं यंत्र, वीज आणि दहा हजार फुलं उकलणाऱ्या हातांची मजुरी वजा कर. लाखो कुठे दिसले तर मला कळव.

खोलीत फूल येतं का? येतं, अगदी पुण्यातही. कारण फुलासाठीचं अन्न कंदात आधीच साठवलेलं असतं, त्याला फक्त थंडी आणि दमटपणाचा भास द्यायचा. व्हिडिओ तिथेच संपतो. खरं काम नंतरचं. केशराला बी धरत नाही, झाड वांझ आहे, वाढ फक्त कंदापासून. फुलोऱ्यानंतर कंदाला माती, भरपूर उजेड आणि लांब थंडी मिळाली तर वसंतापर्यंत त्याची पिल्लं पोसतात आणि जुना कंद संपतो. पुण्याचा मार्च त्यांना ते करू देत नाही. पिल्लं बारीक राहतात, पुढच्या वर्षी फूल देत नाहीत आणि तू पुन्हा काश्मीरहून कंद मागवतोस. कंद विकणारा आणि कोर्स घेणारा, या दोघांचं मात्र ठीक चालतं.

स्टार्टअप_सुजय

एलईडी लावले तर?

कृषीकन्या

लाव. विजेचं बिल इथे टाक, आम्ही सगळे बघतो.

इतिहास_किडा

सुजय, नऊशे वर्षांपूर्वी एकाने हेच बजावलंय. बिल्हण नावाचा काश्मिरी कवी, पांपोरजवळच्या खोनमोहचा. फिरत फिरत दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात आला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या पलीकडे बसवकल्याणला. तिथे विक्रमादित्याचं चरित्र लिहिताना म्हणतो की केशर आणि कविता ही सख्खी भावंडं, शारदेचा देश, म्हणजे काश्मीर, सोडून दुसरीकडे कुठे रुजलेली मी पाहिली नाहीत. कवितेचं खोटं ठरलं, केशराचं निदान पुण्यापुरतं अजून तरी नाही.

सोलापूरकर

बसवकल्याणचं नाव निघालं म्हणून आलो. केशर नाही पण केशराचा तोतया आमच्याकडं पिकतो. करडई! स्वस्तातल्या डबीत जे निघतं ते कितीदा तरी करडईच्या फुलाच्या पाकळ्या असतात. सुकल्या की केशरी-लाल दिसतात, रंगही सोडतात. वाईट काही नाही त्यात, चहात घालून पितात लोक. फक्त केशराच्या भावात विकू नये.

करडईची फुलं तोडणं म्हणजे काय ते तोडणाऱ्याला विचारा. पानाला काटे, बोंडाला काटे, हात रक्ताळतात. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याच्या जाती काढल्या म्हणून तरी बरं. तेलासाठी करडई लावायचे त्यातले निम्मे लोक आमच्या शिवारात आता हरभऱ्यावर गेले, ते वेगळं रडगाणं.

ओळखायचं असं: काडी वाटीत कोमट पाण्यात टाका. केशर घाई करत नाही. हळूहळू पिवळा रंग सुटतो आणि काडी बराच वेळ लालच राहते. रंगवलेला माल असेल तर लगेच लाल पाणी होतं आणि काडी पांढरी पडते. भिजलेली काडी बोटावर घेऊन बघा. केशराचं एक टोक तुतारीसारखं फाकलेलं असतं. करडईची पाकळी टोकाला चिरलेली आणि सरळसोट. मक्याच्या कणसाचे केस रंगवूनही विकतात, त्यांना असं फाकलेलं टोकच नसतं.

डंकेवाली

+१००. आणि चव. केशर वासाला गोडसर आणि जिभेवर कडू असतं. जिभेवर गोड लागलं तर साखरेचा किंवा मधाचा हात फिरवलेला, वजन वाढवायला.

एक गैरसमज मात्र दूर करते. इराणी म्हणजे बनावट नव्हे. जगातलं बहुतांश केशर, नव्वद टक्क्यांच्या आसपास, इराणातच होतं, मुख्यतः खोरासानात. ते अस्सलच असतं. फसवणूक आहे ती त्यावर शिकाऱ्याचं चित्र छापण्यात.

निशिगंधा

माझ्या डोहाळजेवणात अर्धा तोळा केशर भेट आलं होतं. मूल गोरं होतं म्हणे.

वैद्य_अनघा

त्वचेचा रंग आईबाबांकडून येतो, डबीतून नाही. अर्धा तोळा एकदम पोटात घालू नका म्हणजे झालं. गरोदरपणात दुधातल्या दोन-चार काड्या वेगळ्या, औषध म्हणून मोठी मात्रा घेणं वेगळं. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

दालचिनी तर तुम्ही सगळ्यांनी खोकल्याला घेतलेलीच आहे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. दर पायरीला निम्मं, म्हणून आमच्या वर्गात ते पाठ करावं लागत नसे.

निशिगंधा

मुलगी सावळीच आहे आणि गोड आहे. केशर श्रीखंडात गेलं.

गार्गी_म

सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय: मसालेभाताला कॅशिया (डंकेवाली जिंकली, अण्णा रागावू नका), आणि खीर-सफरचंदाच्या केकसाठी थोडी सिलोनची. केशर साडेचारशेचं आणलं. पाण्यात टाकून बघितलं, पंधरा मिनिटांनीही काडी लाल आणि टोक फाकलेलं. दोनशेच्या डबीतली एक काडी काकांनी उघडून दिली नाही, त्यावरून जे समजायचं ते समजले. आता एवढं सांगा, लिटरभर दुधाला किती आणि कधी घालू?

डंकेवाली

पंधरा-वीस काड्या पुरे. रिकामी वाटी जराशी गरम करून त्यात काड्या टाक, कडक होतात. मग चमचाभर साखरेबरोबर खलात घोट आणि दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास ठेव. दूध आटवून गॅस बंद करताना ते ओत. सुरुवातीपासून उकळत ठेवलंस तर वास घरभर होतो आणि दुधात राहत नाही.

वाडीतला_अण्णा

रागावलो नाही. नवी साल नोव्हेंबरात उतरेल, डंकेवाली ताईंना पाव किलो पाठवतो, वहिनींना स्वीडनला पाठवायला टपालखर्च मालापेक्षा जास्त पडेल.

स्टॉकहोमची_वहिनी

डिसेंबरात भाऊ येतोय, त्याच्याकडे द्या. व्यक्तिगत निरोप करते.

स्टार्टअप_सुजय

करडई खोलीत लावली तर?

सोलापूरकर

खोली कशाला? काळं रान आणि नोव्हेंबरची ओल एवढंच लागतं तिला. ये इकडं, हातमोजे घेऊन.